२४ तासांचा उपास धरायचा तर प्रार्थना नेमकी कधी आणि कशी करायची?

जैतुनाची फांदी

जय ख्रिस्त. राखेच्या बुधवारापासून (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) ईस्टरपर्यंत जे ७ शुक्रवार येतात, त्या प्रत्येक शुक्रवारी उपास-प्रार्थना करायचं आमच्या तरुण संघानं ठरवलं आहे. सगळे २० ते ३५ वयाचे, नोकरी किंवा कॉलेज सांभाळणारे. उपास का करावा यावर भरपूर संदेश ऐकलेत, पण कसा करावा हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून सरळ प्रश्न विचारते.

उपास केव्हा सुरू करायचा आणि केव्हा सोडायचा? पाणी, चहा, साबुदाणा यांपैकी काय चालतं? कामाचा दिवस असेल तर प्रार्थना कुठे बसवायची? (दिवसभर नुसतं भुकेलं राहायचं आणि रात्री दमून झोपायचं, असं व्हायला नको आहे.) पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बायबलमधल्या एस्तेर राणीसारखा ३ दिवस निर्जळी उपास करू या, असंही काहीजण म्हणताहेत. ते करावं का? आणि काहींचे आईवडील साठीच्या पुढचे, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आहेत. त्यांनाही यात यायचं आहे. त्यांनी काय करावं?

खोलीचं दार

प्रभूमध्ये सलाम. आधी वेळेचं सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं.

नवख्यांनी पहिल्याच शुक्रवारी २४ तासांवर उडी मारू नये. पहिले २ शुक्रवार फक्त दुपारचं जेवण सोडा. तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण, दोन्ही सोडा. ऑक्सफर्डच्या दिवसांत मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली आणि त्यांचे सोबती बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी ३ पर्यंत काही खात नसत. तो टप्पा नोकरदाराला छान झेपतो, शिवाय ३ ही प्रभूनं वधस्तंभावर प्राण सोडल्याची वेळ. पाचव्या शुक्रवारपासून पूर्ण २४ तास धरा, म्हणजे गुरुवारी रात्री ८ ला जेवून थेट शुक्रवारी रात्री ८ ला. यात प्रत्यक्षात न्याहारी, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं एवढंच सुटतं. गुरुवारी रात्री 'उद्या उपास आहे' म्हणून दुप्पट जेवू नका. जड, तिखट, खारट जेवणानं दुसऱ्या दिवशी तहान आणि पित्त दोन्ही वाढतं. भाकरी, भाजी, वरण-भात, एवढं नेहमीच्या मापानं पुरे.

आता प्रार्थना. सोडलेल्या जेवणाचा वेळ हाच प्रार्थनेचा वेळ, हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा नाही म्हणून लोक त्या ४० मिनिटांत राहिलेलं काम उरकतात किंवा मोबाइल पाहतात. मग उपास म्हणजे फक्त चुकलेलं जेवण उरतं. गुरुवारी रात्रीच ठरवून टाका की दुपारी १ ते १.३० मी अमुक जागी बसणार: जिना, गच्ची, उभी केलेली गाडी, जवळचं चर्च उघडं असेल तर तिथे. जागा आधी ठरलेली नसली तर ती अर्धी वेळ जागा शोधण्यात जाते.

दिवसाचे ४ थांबे ठेवा. सकाळी साडेसहाला २० मिनिटं: स्तोत्र ५१ मोठ्यानं वाचायचं, सावकाश वाचलं तरी ३-४ मिनिटं लागतात. मग ५ मिनिटं गप्प बसायचं आणि उरलेल्या वेळात पापकबुली, नावानिशी. 'प्रभू, मी पापी आहे' एवढ्यावर थांबू नका. काल कोणाशी खोटं बोललो, कोणाचा पगार अडकवला, कोणाबद्दल मनात अढी धरली, तेच बोला. दुपारी १ ला ३० मिनिटं मध्यस्थीची प्रार्थना. कागदावर ५ नावं लिहून ठेवायची, जास्त नाही. प्रत्येकाला ५ मिनिटं दिली की शेवटची ५ मिनिटं शांत बसायला उरतात. ३ वाजता फक्त ५ मिनिटं, उभं राहून प्रभूची प्रार्थना, एकेक ओळ थांबत थांबत. संध्याकाळी साडेसातला अर्धा तास: वाचन, उपकारस्तुती, आणि मग जेवण.

दर शुक्रवारी वेगळं स्तोत्र हवं असेल तर मंडळीनं (चर्चनं) शतकानुशतकं पश्चात्तापाची म्हणून वाचलेली ७ स्तोत्रं आहेत: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. तुमचे शुक्रवारही ७ च आहेत, जुळून येतं.

मधल्या वेळात पोटात कालवेल तेव्हा ती कळ घंटेसारखी धरा. कळ आली की एकच वाक्य, 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर', आणि पुन्हा कामाला लागा. भूक दाबून टाकायचा प्रयत्न केला तर दिवसभर डोक्यात वडापावच फिरतो. भुकेची लाट साधारण १५-२० मिनिटांत ओसरते, हे माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

आणि सुरू करण्याआधी एक वाक्य लिहा: हा उपास कशासाठी? 'आशीर्वादासाठी' हे उत्तर फार ढोबळ आहे. एज्रानं अहवा नदीपाशी उपास जाहीर केला तो मुलाबाळांसह सुखरूप प्रवास व्हावा म्हणून. अंत्युखियाच्या मंडळीनं उपास करून बर्णबा आणि शौल यांना कामगिरीवर पाठवलं. निनवेकरांचा उपास वाईट मार्ग सोडण्याचा होता. तुमचं वाक्य तितकंच नेमकं असू द्या.

मोहरीचा दाणा

शरीराच्या बाजूचं मी लिहिते. यात हयगय नको.

पाणी प्यायचंच. दिवसभरात २ ते अडीच लिटर, मार्चच्या उन्हात बाहेर फिरणाऱ्यांनी ३ लिटरपर्यंत, थोडं थोडं करून. एकदम लिटरभर ढोसलं तर मळमळतं. दुपारच्या एका ग्लासात लिंबू आणि चिमूटभर मीठ घातलं तर उभं राहताना येणारी भोवळ कमी होते.

चहाबद्दल लोक शेवटी विचार करतात, पण शुक्रवारी दुपारी जे डोकं ठणकतं ते बहुतेक वेळा भुकेनं नाही, चहा-कॉफी तुटल्यानं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत ही डोकेदुखी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी जोर धरते. म्हणजे उपास संपला तरी ती राहू शकते. दिवसाला ४ कप पिणाऱ्यानं आठवडाभर आधी रोज थोडा थोडा कमी करत १ कपावर यावं. तेवढं जमलं नसेल तर सकाळी अर्धा कप कोरा चहा घ्या आणि प्रार्थनेला बसा. डोकं धरून बसण्यापेक्षा ते बरं. दुधाचा गोड चहा ४-५ वेळा घेत राहणं म्हणजे मात्र उपास नव्हे. रिकाम्या पोटी पित्तही त्यानंच खवळतं.

उपास सोडताना पहिला घास साधा असावा: मऊ भात आणि मुगाचं वरण, तांदळाची पेज, ताक, केळं. १५ मिनिटं थांबून मग पोळी-भाजी. मिसळ, भजी, बिर्याणी यांवर तुटून पडलं की रात्रभर छातीत जळजळ. 'उपास मला सोसत नाही' म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा उपास सोसलेला असतो, उपास सोडणं सोसलेलं नसतं.

आता कोणी जेवण सोडू नये ते: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढीच्या वयातली मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, अल्सरवाले, फार वजन घटलेले, आणि ज्यांना कधीकाळी स्वतःला उपाशी ठेवण्याचा किंवा खाऊन उलटी काढण्याचा आजार झाला होता असे. या शेवटच्या गटाकडे मंडळीत कोणी लक्ष देत नाही. उपासाचं त्या आजाराला धार्मिक पांघरूण मिळतं, म्हणून त्यांनी दुसरं काही सोडावं, जेवण नव्हे.

मधुमेहाचं म्हणाल तर सगळे मधुमेही सारखे नसतात. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्याची साखर घसरण्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं जेवण सोडलं आणि डोस तसाच घेतला तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर उपाशी राहिल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसूही शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तरी आधी विचारावं.

डॉक्टरांनी होकार दिला तरी ग्लुकोमीटर जवळ हवा. ७० च्या खाली आकडा आला, किंवा घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ सुरू झाला, की उपास तिथेच संपला. ३ छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग जेवायचं. आकडा ३०० च्या वर गेला तरी उपास थांबवायचा. 'अजून तासभर काढू, प्रभू सांभाळेल' असं म्हणत बसू नये.

वसईची वाट

कॅथोलिक बाजू थोडक्यात देतो, कारण तुमच्या संघात कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट दोन्हीकडचे असतील तर गोंधळ होतो.

आमच्याकडे 'उपवास' आणि 'मांसवर्ज्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८३ च्या धर्मविधीसंहितेप्रमाणे (कॅथोलिक चर्चचा कायदा, कॅनन लॉ) उपवास बंधनकारक फक्त २ दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), आणि तो १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. उपवास म्हणजे दिवसात एकच पूर्ण जेवण. सकाळ-संध्याकाळ थोडं काही घ्यायला मोकळीक आहे. मांसवर्ज्याचं वय १४ पूर्ण झाल्यापासून पुढे, आणि ते शुक्रवारांशी जोडलेलं. ठिकाणानुसार बारकावे बदलतात, ते आपल्या धर्मग्रामातल्या फादरांना विचारावेत. याशिवाय कम्युनियन घेण्याआधी किमान १ तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नसतं, पण त्यातून वृद्ध आणि आजारी यांना सूट आहे.

मासे मांसात धरत नाहीत. त्यामुळे शुक्रवारी सुरमई तळून खाल्ली तर नियमाचं अक्षर मोडत नाही. पण मटणाऐवजी त्याहून महागडं पापलेट आणलं तर त्या दिवसाचा अर्थ काय राहिला? डाळ-भात आणि एखादा सुका बोंबील, एवढ्यावर भागवलं की शुक्रवार शुक्रवारासारखा वाटतो. वेळ मिळाला तर संध्याकाळच्या क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला जाऊन मग घरी उपवास सोडावा. १४ स्थानकं चालून होईपर्यंत जेवणाची घाईही आपोआप उतरते.

रविवारी उपवास नाही. राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारापर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. ६ रविवार वगळले की ४०. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणून तो या मोजणीत येत नाही.

जैतुनाची फांदी

फारच उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. साबुदाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आणि एस्तेरच्या उपासाचा मुद्दा संघात फार जोर धरून आहे, 'शास्त्रात (म्हणजे बायबलमध्ये) आहे' एवढंच उत्तर मिळतं.

लेखणीवाला

साबुदाण्याचं उत्तर एका ओळीत: आपल्या परंपरेत 'उपासाचे पदार्थ' असा वर्गच नाही. शास्त्रात उपास म्हणजे न खाणं. हिब्रू 'सोम' आणि ग्रीक 'नेस्तेया' या दोन्ही शब्दांचा अर्थ तोच. साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू हे पदार्थ निषिद्धही नाहीत आणि पवित्रही नाहीत. खिचडी खाल्ली तर जेवलात, बस्. ज्याला तब्येतीमुळे काहीतरी खायलाच हवं त्यानं साधी भाकरी आणि पालेभाजी खावी, ती खिचडीपेक्षा हलकी आणि स्वस्त.

दानिएलाचं उदाहरण इथे नेहमी येतं, तेही नीट वाचू या. पहिल्या अध्यायातले १० दिवस भाजीपाला आणि पाणी, हा उपास नव्हता. राजाच्या पक्वान्नांनी विटाळू नये म्हणून घेतलेली ती भूमिका होती. दहाव्या अध्यायातले ३ आठवडे मात्र शोकाचे आहेत: रुचकर अन्न नाही, मांस नाही, द्राक्षारस नाही, अंगाला तेल नाही. ज्यांना जेवण सोडता येत नाही, त्या वडीलधाऱ्यांना हा मार्ग बरोबर बसतो. वेळच्या वेळी जेवायचं, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, पण ताटातून मांस, मासे, गोड, तळलेलं काढून टाकायचं. त्यांना 'हा कमी दर्जाचा उपास' असं कोणी म्हणू नये.

आता एस्तेर. ४:१६ मध्ये ३ दिवस, रात्रंदिवस, अन्नपाणी वर्ज्य, असं आहे खरं. पण लगेच ५:१ वाचा. ती तिसऱ्या दिवशीच राजवस्त्रं घालून राजापुढे उभी राहते. यहुदी मोजणीत दिवसाचा तुकडाही दिवस धरतात, म्हणजे हे पूर्ण ७२ तास असतीलच असं नाही. शिवाय ही आज्ञा नाही. संपूर्ण लोकांचा संहार ठरलेला असताना एकदा घडलेली ती घटना आहे. मोशेनं सीनाय पर्वतावर ४० दिवस अन्नपाण्याविना काढले, तेही देवाच्या प्रत्यक्ष सान्निध्यातलं आश्चर्य, अनुकरणाचा नमुना नव्हे. प्रभू येशूच्या ४० दिवसांबद्दल शुभवर्तमान सांगतं की त्यानं काही खाल्लं नाही आणि नंतर त्याला भूक लागली. तहानेचा उल्लेख तिथे नाही.

'ही जात (म्हणजे या प्रकारचं भूत) प्रार्थना आणि उपास यांवाचून निघत नाही' हे वाक्यही या चर्चेत फेकलं जातं. मार्क ९:२९ मधला 'उपास' हा शब्द सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून अनेक आवृत्त्यांत तो तळटीपेत असतो. त्यामुळे उपासाचं महत्त्व कमी होत नाही, मत्तय ६ आणि ९ आहेतच. पण 'जास्त कडक उपास, म्हणजे जास्त सामर्थ्य' हे गणित त्या वचनावर उभं करू नये.

मला खरी काळजी या गणिताचीच वाटते. आपल्या आजूबाजूला नवसाची भाषा इतकी मुरलेली आहे की ती उपासातही शिरते: मी ३ दिवस पाणी सोडतो, तू मला नोकरी दे. दावीद राजानं आजारी बाळासाठी ७ दिवस उपास केला, जमिनीवर पडून राहिला. बाळ गेलं. तेव्हा तो उठला, अंघोळ केली, मंदिरात जाऊन दंडवत घातलं आणि मग जेवला. उपास 'फळला' नाही, तरी तो देवाकडेच गेला. तुमच्या संघात एकदा २ शमुवेल १२ हा अध्याय एकत्र बसून वाचा, मग एस्तेरचा विषय काढा. एस्तेर आणि दावीद शेजारी ठेवले की कडकपणाची स्पर्धा आपोआप थंडावते.

मोहरीचा दाणा

वरच्याला जोडून. मार्च-एप्रिलच्या उन्हात, पंखा बंद पडला तर काय होईल याचा विचार करून, ३ दिवस निर्जळी या बेताला माझा स्पष्ट नकार आहे. घाम, श्वास, लघवी यांतून शरीर रोज दोन-अडीच लिटर पाणी सहज गमावतं. दुसऱ्या दिवशी लघवी गडद आणि थोडी होते, उभं राहताच अंधारी येते, मूत्रपिंडावर ताण येतो. पाणी पीत केलेला ३ दिवसांचा उपासही पहिल्याच वर्षी नको. आणि ५ दिवसांच्या वरचा उपास डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणीच करू नये. इतक्या दिवसांनी एकदम भरपूर जेवलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. '४० दिवस' म्हणून जाहीर होणाऱ्या उपासांत लोक उपाशीपणी तग धरतात आणि उपास सोडताना कोसळतात, त्यामागे हेच कारण असतं.

पवित्र आठवड्यात काही जास्त करायचंच असेल तर पवित्र गुरुवारी रात्री हलकं जेवून उत्तम शुक्रवारची ३ तासांची उपासना संपेपर्यंत फक्त पाणी. तेवढं भरपूर आहे.

शेजघरातली समई

एकत्र प्रार्थनेबद्दल कोणी लिहिलं नाही, ते लिहिते. संघाची उपास-प्रार्थना शनिवारी किंवा सुट्टीच्या दिवशी १० ते १ ठेवणार असाल तर ३ तास हा फार मोठा वेळ आहे, आणि बांधून दिला नाही तर त्यातले २ तास एकच माणूस बोलतो.

२० मिनिटं गाणी, पेटी-तबला असला तरी हळू आवाजात. १५ मिनिटं वाचन, यशया ५८ पूर्ण, तिघांनी वाटून. त्यानंतर २० मिनिटं पूर्ण शांतता. पहिल्यांदा लोक ५ मिनिटांतच खाकरायला लागतात, तरी मोडू नका. वेळ पाहणारा एक माणूस नेमला की बाकीच्यांनी घड्याळ बघायची गरज नाही. मग पापकबुलीची प्रार्थना, वैयक्तिक, मनातल्या मनात. जाहीर कबुलीचा आग्रह धरू नये, त्यातून पुढे कुजबुज होते. मग ४५ मिनिटं मध्यस्थी, तिघातिघांच्या गटांत. तिघांत लाजाळू माणूसही बोलतो, दहांत बोलत नाही. प्रार्थनेचे विषय चिठ्ठीवर एका ओळीत द्यायचे. 'अमुकच्या घरी काय झालं माहीत आहे का' असं सांगत बसलं की ती प्रार्थना राहत नाही, चर्चा होते. १० मिनिटं विश्रांती, पाणी. शेवटचा तास मंडळीचे विषय, आजारी, परीक्षेला बसलेले, शेतकरी, आणि आपल्याशी वैर धरणारे. हा शेवटचा विषय गाळू नका. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं 'डिडाखे' हे जुनं शिकवणपुस्तक छळ करणाऱ्यांसाठी उपास करा असं सांगतं. बुधवार आणि शुक्रवार हे ख्रिस्ती उपासाचे वारही त्यातच आलेत.

उपासना संपल्यावर लगेच प्रीतिभोजन ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. सकाळी ९ पासून मागच्या बाजूला बिर्याणीचा वास सुटला की १२ नंतर कोणाचंही मन प्रार्थनेत नसतं, आणि स्वयंपाक करणाऱ्या बहिणी उपासनेत नसतातच. पेज किंवा वरण-भात ठेवा, आदल्या दिवशी वाटून घेऊन.

हाच मुद्दा घरातही लागू. पुरुष उपास धरतात आणि बाई उपासाच्या दिवशी मुलांसाठी, सासऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी ३ वेळा चुलीपुढे उभी असते, तीही उपाशीपोटी. मग तिची प्रार्थना कधी? शुक्रवारी घरात एकदाच आणि एकच पदार्थ शिजवायचा, आणि भांडी तिनं घासायची नाहीत, हे उपास ठरवतानाच ठरवा. यशया ५८ मध्ये देवाची तक्रार नेमकी हीच आहे: उपासाच्या दिवशी तुम्ही आपलं साधून घेता आणि कामकऱ्यांना राबवता.

खोलीचं दार

समईताईंच्या शेवटच्या मुद्द्याला पैशाची बाजू जोडतो. दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासाचा मेंढपाळ' या ग्रंथात एक सरळ हिशोब सांगितला आहे: उपासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्या, त्या दिवशी जेवला असता त्या अन्नाची किंमत काढा, आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. आजच्या भाषेत, दुपारची थाळी १२० रुपये, दोन चहा आणि काही खाणं ५० रुपये, म्हणजे १७० रुपये. शुक्रवारीच पाकिटात टाका, 'महिनाअखेरीला एकदम देऊ' म्हटलं की ते खर्चून जातात. २० जणांचे ७ शुक्रवारांचे २३,८०० रुपये होतात. पण शक्य असेल तर पैशाऐवजी शिधा द्या, त्याच आठवड्यात, घरी नेऊन, फोटो न काढता. नाहीतर उपास म्हणजे स्वतःची बचत होते.

एका गोष्टीत लेखणीवाल्यांशी थोडा मतभेद आहे. दानिएलाच्या पद्धतीचा उपास तरुणांनी सोयीचा म्हणून निवडू नये असं मला वाटतं. मांस सोडलं, पण खजूर-बदामाचे लाडू आणि फळांची रेलचेल सुरू झाली की २१ दिवसांत भुकेची एक कळही येत नाही. वडीलधाऱ्यांना तो मार्ग जरूर असावा, पण धडधाकट माणसानं निदान एक जेवण खरोखर सोडावं.

लेखणीवाला

मान्य. फक्त एवढंच की ते प्रत्येकानं स्वतः ठरवावं, संघानं ताटं तपासू नयेत. १५२२ मध्ये झुरिचला लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, काळात छापखानेवाल्या फ्रोशाउअरच्या घरी सॉसेज खाल्लं गेलं आणि केवढं प्रकरण झालं. धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे होता. त्यानं स्वतः खाल्लं नाही, पण खाणाऱ्यांच्या मोकळिकीच्या बाजूनं प्रवचन दिलं. उपासाविरुद्ध त्याचा वाद नव्हता, सक्तीविरुद्ध होता. हजेरीपट मांडून 'कोणी किती तास केला' हे व्हॉट्सअॅप गटावर टाकायला लागलात की मत्तय ६ मधली 'लोकांना दाखवण्यासाठी उपास करू नका' ही शिकवण हातातून गेली म्हणून समजा.

जैतुनाची फांदी

हाच पुढचा प्रश्न होता. ऑफिसात लोक विचारतात, 'जेवायला येत नाहीस?' खोटं बोलायचं नाही आणि गाजावाजाही करायचा नाही. मग काय म्हणायचं? आणि घरच्यांना, जोडीदाराला सांगायचं की नाही?

शेजघरातली समई

'आज दुपारी नाही जेवत, थोडं काम आहे' हे पुरतं, आणि ते खोटं नाही, प्रार्थना हे काम आहेच. कोणी खोदून विचारलं तर 'आज उपास आहे' एवढं सांगून विषय बदला. प्रभूचा आक्षेप लोकांना कळण्यावर नाही, लोकांना कळावं म्हणून करण्यावर आहे. तोंड धुवा, केस विंचरा, नेहमीचे कपडे घाला, कपाळावर आठी नको.

घरच्यांना मात्र सांगायलाच हवं. स्वयंपाक किती करायचा हे त्यांना कळायला हवं, आणि चक्कर आली तर कारणही माहीत हवं. नवरा-बायकोत एकानं मोठा उपास धरायचा असेल तर दुसऱ्याची संमती घेऊन. पौलानं १ करिंथ ७ मध्ये प्रार्थनेसाठी काही काळ वेगळं राहण्याला 'परस्परसंमतीनं' आणि 'काही वेळ' अशी अट घातली आहे, तेच इथे लावावं.

मोहरीचा दाणा

आणि शुक्रवारी दुपारनंतर दुचाकी जपून. चौथ्या-पाचव्या तासाला नाही, पण १८ तासांनंतर लक्ष उडतं. लांब गाडी चालवायची असेल, रात्रपाळी असेल, रक्तदान ठरलं असेल किंवा ताप असेल तर त्या आठवड्यात वार बदला. बुधवार धरा.

जैतुनाची फांदी

शेवटचं विचारते. अर्ध्यावरच मोडला तर? म्हणजे ४ वाजता चक्कर आली आणि खाल्लं, किंवा विसरून कोणी दिलेला पेढा तोंडात टाकला?

खोलीचं दार

पेढा गिळला असेल तर गिळला, उपास तिथून पुढे चालू. पुन्हा सुरुवातीपासून मोजायला हा प्रयोगशाळेतला प्रयोग नाही. चक्कर आली तर खायचं, आणि खाताना आभार मानायचे. पण ८ वाजेपर्यंतचे राहिलेले प्रार्थनेचे थांबे मात्र सोडू नका. जेवलो म्हणून साडेसातची अर्ध्या तासाची प्रार्थनाही गेली, असं बहुतेकांचं होतं. ती करा. पुढच्या शुक्रवारी एक टप्पा मागे या, २४ ऐवजी ३ वाजेपर्यंत.